बोटीचा पंखा कुठला घ्यायचा? पुण्याच्या धरणांवर पॉवरबोट चालवणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

गेली बरीच वर्षं पानशेत, वरसगाव, मुळशी असं फिरतोय, बोट १७ फुटी फायबरची आणि मागं ६० एचपीचं फोर स्ट्रोक ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागं बाहेरून टांगलेलं आउटबोर्ड मशीन. लोक मशीनबद्दल खूप विचारतात आणि पंख्याबद्दल सगळ्यात शेवटी, खरं तर ते उलटं असायला पाहिजे. प्रॉपेलर, प्रॉप, पंखा, काहीही म्हणा, मशीनची सगळी ताकद पाण्यात उतरते ती त्या तीन पात्यांमधूनच. वारंवार येणारे प्रश्न एका जागी लिहून ठेवतोय.

माझी बोट चालते तर आहे, मग पंखा बदलायची गरज आहे हे कळणार कसं?

फुल थ्रॉटलला आरपीएम, म्हणजे मशीनचे मिनिटाचे फेरे, किती येतो ते बघा, बाकी सगळं नंतर. प्रत्येक मशीनच्या बुकात फुल थ्रॉटलची रेंज दिलेली असते, आपल्याकडच्या बऱ्याच फोर स्ट्रोक ओबीएमना ती ५००० ते ६००० च्या आसपास असते, तुमची नेमकी किती ते तुमच्याच बुकात बघायचं. नेहमीचा लोड घेऊन, पूर्ण थ्रॉटल देऊन, ट्रिम, म्हणजे मशीनचा वर-खाली कल, नीट लावून जर काटा त्या रेंजच्या खाली अडकत असेल तर पंखा मशीनला जड होतोय. रेंजच्या वर जाऊन लिमिटर, म्हणजे मशीनला ठरावीक आरपीएमच्या वर जाऊ न देणारी सोय, लागत असेल तर पंखा हलका आहे.

जड पंखा जास्त वाईट, आणि लोकांना ते पटत नाही कारण आवाज शांत वाटतो. चौथ्या गियरमध्ये कात्रजचा घाट चढवल्यासारखं आहे ते, गाडी चढते पण आतून कुंथत असते. मशीन गरम होतं, कार्बन धरतं, पिस्टन आणि बेअरिंगवर ताण येतो, आणि हे रोज थोडं थोडं होतं म्हणून लक्षात येत नाही.

पंख्यावर ११ १/४ × १३ असं काहीतरी कोरलेलं असतं, ते काय?

पहिला आकडा व्यास, इंचात. दुसरा पिच, तोपण इंचात. पिच म्हणजे पंखा एक चक्कर फिरला की घट्ट पदार्थातून, समजा लाकडात स्क्रू जातो तसा, किती इंच पुढे सरकेल ते. १३ पिच म्हणजे एका चकरेत १३ इंच. पाणी काही लाकूड नाही त्यामुळे तेवढं कधीच सरकत नाही, त्याबद्दल खाली स्लिपच्या प्रश्नात लिहिलंय. व्यासाच्या भानगडीत आपण फारसं पडायचं नसतं, तो मशीनच्या गियरकेसला, म्हणजे पंखा बसतो त्या खालच्या गियरच्या भागाला, धरून कंपनी ठरवते, आपल्या हातात खेळायला असतो तो पिच.

मुंबईला, अलिबागला मस्त पळणारी बोट इकडं आणली की दमते, असं का होतं? मशीन खराब झालंय का?

बहुतेक वेळा मशीन अगदी ठणठणीत असतं. आपण वर आहोत हो. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, आणि पानशेत-मुळशीचं पाणी ६०० मीटरच्या आसपास. हवा विरळ झाली की मशीनला ऑक्सिजन कमी मिळतो, दर ३०० मीटरला साधारण ३ टक्के ताकद जाते, म्हणजे आपल्याकडं ६ टक्क्यांच्या घरात गेलीच. त्यात एप्रिल-मेची दुपार असेल तर गरम हवा अजून विरळ. शिवाय गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा दोन-अडीच टक्के हलकं, बोट किंचित खोल बसते. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे इथं रविवारी बोटीत दोघं नसतात, सहा जण, डबे, पाण्याचे कॅन, आइसबॉक्स असं सगळं असतं.

पंखा मात्र समुद्राच्या लेव्हलला, हलक्या बोटीवर बसवून दिलेला. म्हणून इकडं आणलेल्या बोटीला साधारण १ इंच, लोड जास्त असेल तर २ इंच पिच कमी करावा लागतो. कितीतरी जणांनी याच लक्षणावर कार्ब्युरेटर उघडलेत, इंजेक्टर साफ करून घेतलेत, पैसे गेले आणि बोट तशीच.

मग नवीन पंखा घ्यायच्या आधी टेस्ट कशी करायची?

हे नीट करा, यात घाई करू नका, कारण चुकीच्या रीडिंगवर घेतलेला पंखा चुकीचाच निघणार.

तळ आधी धुवून घ्या, शेवाळ धरलेला असेल तर सगळी रीडिंग खोटी येतात. इंधन अर्ध्याच्या आसपास ठेवा. जुन्या पंख्याची पाती सरळ आहेत का बघा, वाकडी असतील तर ती टेस्ट त्या पंख्याची नाही, त्याच्या वाकडेपणाची होईल. सकाळी लवकर जा, वारा नसतो. मोबाइलवर जीपीएस स्पीडचं ॲप चालतं. मग थांबलेल्या बोटीतून पूर्ण थ्रॉटल द्यायचा आणि बोट प्लेनवर यायला, म्हणजे उचलून पाण्याच्या वरून पळायला लागायला, किती सेकंद लागतात ते शेजारच्यानं मोजायचं, त्यानंतर ट्रिम हळूहळू वर घेत जायचं, जिथं आरपीएम आणि स्पीड वाढायचं थांबतं तिथला आकडा लिहायचा. उलट्या दिशेनं परत एकदा. आणि हे सगळं दोनदा करायचं, एकदा दोन माणसं घेऊन आणि एकदा पूर्ण लोडवर, लाइफ जॅकेट सगळ्यांना.

माझ्या बोटीची वही समोर आहे, त्यातले आकडे देतो. कंपनीकडून १३ पिचचा पंखा आला होता. दोन माणसं: ५३५० आरपीएम, ४७ किमी स्पीड, मी खूश. सहा माणसं: ४८५० आरपीएम, ४० किमी आणि प्लेनवर यायला ११ सेकंद, नाक आकाशात आणि पुढचं काही दिसत नाही. मग ११ पिच लावला. दोन माणसं: ५७८० आरपीएम, ४५ किमी. सहा माणसं: ५२८० आरपीएम, स्पीड तोच ४० आणि प्लेनवर ६ सेकंदात. म्हणजे एकटा-दुकटा असताना २ किमी गेले आणि बदल्यात भरलेली बोट जिवंत झाली, मशीनपण रेंजमध्ये आलं. माझ्या मते टॉप स्पीडसाठी पंखा निवडणारा माणूस रोजची बोट विसरतो, आणि आपली रोजची बोट भरलेलीच असते.

एक इंच पिच बदलला की आरपीएम किती बदलतो?

साधारण १५० ते २००. पिच कमी तर आरपीएम वर, पिच जास्त तर खाली. लहान पिचच्या पंख्यांना फरक थोडा जास्त पडतो. पण हलक्या लोडला लिमिटरला धडकणार नाही ना हे पण बघायचं, म्हणून तर दोन्ही लोडची रीडिंग लागतात. रेंजच्या मधल्या ते वरच्या भागात दोन्ही आकडे बसले की तो पंखा तुमचा.

स्लिप म्हणजे काय आणि ती किती असावी?

पंख्यानं हिशोबानं जायला पाहिजे होतं तेवढं आणि प्रत्यक्षात गेला तेवढं, यातला फरक. हिशोब सोपा आहे: आरपीएमला गियर रेशोनं (पंख्याच्या एका चकरेला मशीनचे किती फेरे) भागा, पिचनं गुणा, मग ०.००१५२४ नं गुणा, उत्तर किमी प्रति तास. माझ्या मशीनचा रेशो १.८५. ५७८० भागिले १.८५ गुणिले ११ गुणिले ०.००१५२४ म्हणजे ५२.४ किमी. जीपीएसवर आले ४५. म्हणजे स्लिप १४ टक्के. प्लेनवर पळणाऱ्या बोटीला १० ते २० टक्के नॉर्मल. शून्य स्लिपच्या मागं लागू नका, थोडी स्लिप असल्याशिवाय पंखा पाण्याला ढकलूच शकत नाही. तिशीच्या वर गेली तर मात्र पाती वाकली असतील, मशीन फार उंच बसलं असेल, नाहीतर पंखा आणि शाफ्टमधला हब गेला असेल.

ॲल्युमिनियम का स्टेनलेस? सगळे म्हणतात स्टेनलेस म्हणजे अपग्रेड.

समुद्रात, खोल पाण्यात, मोठ्या मशीनवर, हो. स्टेनलेसची पाती पातळ करता येतात तरी वाकत नाहीत, ॲल्युमिनियमची पाती जोरात ढकलताना किंचित लवतात आणि तिथं थोडी ताकद वाया जाते. १५० एचपीच्या वर फरक चांगला जाणवतो. ४०-६० एचपीवर एखाद-दोन किमीचा फरक पडेल, किंमत मात्र तिप्पट किंवा त्याहून जास्त.

पण आपली धरणं बघा ना. मार्चनंतर पाणी उतरायला लागतं आणि काठापासून लांब, जिथं ऑगस्टमध्ये बिनधास्त जात होतो तिथं बांध, जुन्या घरांची जोती, झाडांचे बुंधे वर येतात. पवना धरणात उन्हाळ्यात वाघेश्वराचं देऊळ पाण्याबाहेर येतं हे सगळ्यांना माहितीये, देऊळ दिसतं तरी, पण त्याच्यासारखे कितीतरी दगड वीतभर पाण्याखाली असतात ते दिसत नाहीत. अशा दगडावर ॲल्युमिनियमचा पंखा आपटला तर पातं दुमडतं, फाटतं, धक्का तिथंच जिरतो. स्टेनलेसचं पातं तसं राहतं आणि धक्का आत शाफ्टला, गियरला जायची शक्यता वाढते. हब थोडाफार वाचवतो पण त्याच्यावर किती विसंबायचं. पातं गेलं तर पंखा गेला, गियरकेस गेली तर सीझन गेला.

म्हणून पुण्याच्या धरणांसाठी मी सरळ सांगतो, योग्य पिचचा चांगला ॲल्युमिनियम, आणि वाचलेल्या पैशात दुसरा स्पेअर. कोकणात नेऊन समुद्रात चालवणार असाल आणि मशीन मोठं असेल तर स्टेनलेस जरूर घ्या, फक्त पिच पुन्हा टेस्ट करून, स्टेनलेसला बऱ्याचदा कडेला कप असतो त्यामुळे तोच पिच असला तरी आरपीएम थोडा खाली येतो.

कप म्हणजे?

पात्याच्या मागच्या कडेला दिलेला बारीक वळसा, पळीच्या कडेसारखा. पाणी धरून ठेवतो, वळताना पंखा सुटत नाही, ट्रिम जास्त वर घेता येतं. साध्या पंख्याला नंतर कप घालून घेता येतो, पण ज्याला ते काम येतं त्याच्याकडूनच.

तीन पाती का चार?

दोन-चार माणसांची बोट, मोकळं फिरणं, तर तीन. स्कीइंग, ट्यूब ओढणं, नेहमी भरलेली बोट, हळू स्पीडला पण प्लेनवर टिकायला हवी असेल तर चार. चार पात्यांना पाण्यावर पकड जास्त, व्हायब्रेशन कमी, टॉपला १-२ किमी जातात. तीनवरून चारवर जाताना साधारण १ इंच पिच कमी घ्यावा लागतो. ॲल्युमिनियममध्ये पण चार पात्यांचे मिळतात, मर्क्युरीचा स्पिटफायर हा त्यातलाच. माझी बोट तीनवर समाधानी आहे, पण मित्राची जड १९ फुटी चार पात्यांवर गेल्यापासून वेगळीच वाटते, विशेषतः मागं ट्यूबवर पोरं असताना.

वळवताना मशीन एकदम किंचाळतं आणि बोट ढकलणं सोडून देते. हे कॅव्हिटेशन का?

नव्वद टक्के वेळा ते व्हेंटिलेशन असतं, लोक दोन्हीला कॅव्हिटेशन म्हणतात. व्हेंटिलेशन म्हणजे वरून हवा किंवा एक्झॉस्ट पंख्यात ओढला जातो, पंखा फेसात फिरतो, आरपीएम उडतो. कॅव्हिटेशनमध्ये हवेचा संबंधच नाही, पात्याच्या मागं दाब इतका पडतो की पाणी थंड असूनही उकळतं, त्या वाफेचे बुडबुडे फुटून धातूचे कण उडवतात. पात्यावर टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे दिसले तर ते कॅव्हिटेशन, आणि बहुतेक वेळा त्याच्या पुढं कडेला एखादा चेपा सापडतो.

वळताना किंचाळत असेल तर आधी ट्रिम खाली घ्या. तेवढ्यानं नाही गेलं तर मशीनची उंची बघा, पंख्याच्या वरची आडवी प्लेट बोटीच्या तळाच्या रेषेत, फार तर इंचभर इकडंतिकडं असावी. उंची बरोबर असेल तर मग कपवाला किंवा चार पात्यांचा पंखा. याच क्रमानं जा कारण पहिल्या दोन गोष्टी फुकट आहेत.

आरपीएम चढतो पण बोट पळत नाही, हळू चालवली तर ठीक. पंखा तर चांगला दिसतोय.

हब फिरलाय. पंखा आणि शाफ्ट यांच्यामध्ये रबराचा नाहीतर प्लास्टिकसारख्या मटेरियलचा हब असतो, आपटल्यावर धक्का खायला. तो सुटला की शाफ्ट आत फिरतो आणि पंखा मागं राहतो. खात्री करायची सोपी पद्धत, पंखा काढून आतल्या पितळी भागावरून बाहेरच्या भागावर पांढऱ्या पेंटची एक सरळ रेघ मारा, परत बसवून एक चक्कर मारून या, रेघ तुटून दोन्हीकडं सरकली असेल तर हब गेला. काही पंख्यांना बदलता येणारं हब किट असतं, ते घरी बसतं. प्रेस केलेला रबर हब असेल तर प्रेसवाल्याकडं जावं लागतं. तोवर हळू चालवत काठाला या, थ्रॉटल ताणू नका.

पुण्यात एवढे वर्कशॉप आहेत, भोसरीत वेल्डिंग करून पंखा दुरुस्त करता येत नाही का?

वेल्डिंग होतं, ॲल्युमिनियमचं टिग वेल्डिंग करणारे उत्तम हात आहेत आपल्याकडं. प्रश्न वेल्डिंगचा नाही, नंतरचा आहे. मी एकदा तुटलेलं टोक एका वर्कशॉपमध्ये भरून घेतलं, ग्राइंड करून असं चकाचक दिलं की तिन्ही पाती सारखीच वाटत होती. पाण्यात ३००० च्या वर स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. मी "होईल सेट" म्हणत दोन महिने चालवलं. मग गियर ऑइल बदलताना ते दुधाळ निघालं, म्हणजे पाणी आत, प्रॉपशाफ्टचा सील गेला होता. काढलेला पंखा नंतर पिचच्या ब्लॉकवर, म्हणजे पिच तपासायच्या साच्यावर, मोजला तर भरलेलं पातं बाकीच्या दोघांपेक्षा जवळपास पाऊण इंच पिचनं वेगळं होतं. डोळ्याला ते दिसत नाही.

कडेचे छोटे चेपे कानशीनं साफ करणं घरी चालेल. पात्याचा तुकडा गेला असेल तर जिथं तिन्ही पात्यांचा पिच मोजून देतात आणि बॅलन्स करून देतात तिथंच पाठवा, नाहीतर नवीन घ्या.

कुठल्याही कंपनीचा पंखा कुठल्याही मशीनला बसतो का?

नाही. मशीनची कंपनी, एचपी, साल आणि शाफ्टवरचे दाते, म्हणजे स्प्लाइन, किती ते मोजून मागवा. एकाच कंपनीच्या एकाच एचपीला पण कधी कधी दोन वेगळ्या गियरकेस असतात, एक छोटी एक मोठी. सोलाससारख्या कंपन्या बऱ्याच मशीनना बसणारे पंखे बनवतात, ते चांगले असतात, हब मात्र तुमच्या मशीनचाच मागायचा. जुन्या पंख्यावर कोरलेला पार्ट नंबर फोटो काढून ठेवा. आणि उजवा-डावा: एकच मशीन असेल तर जवळजवळ नेहमी उजवा, मागून बघितलं की घड्याळाच्या दिशेनं फिरणारा.

पंखा स्वतः बदलता येतो का?

येतो, अर्ध्या तासाचं काम. किल्ली काढायची, किल स्विचची (दोरी सुटली की मशीन बंद करणारा स्विच) दोरी काढायची, न्यूट्रल, मग हात लावायचा. पातं आणि वरची प्लेट यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा म्हणजे पंखा फिरत नाही. हातात जाड मोजे, पात्यांच्या कडा विळीसारख्या असतात. कॉटर पिन सरळ करून काढा, नट सोडा, वॉशर कुठल्या क्रमानं निघाले त्याचा फोटो काढा.

पंखा ओढून काढल्यावर मागं एक जाड थ्रस्ट वॉशर दिसेल, तो बसवायला विसरलात तर पंखा गियरकेसवर घासतो. आणि तिथंच, शाफ्टभोवती, गळाची दोरी गुंडाळलेली आहे का बघा. मागच्या दिवाळीला एका काकांच्या मशीनमधून मी नायलॉनचा असा घट्ट पिळा काढला, काचेसारखा कडक झालेला, गरमीनं वितळून सीलच्या ओठात रुतलेला, चिमट्यानं एकेक वेटोळं सोडवायला तास गेला. आपल्याकडं मासेमारी सगळ्या धरणांवर आहे आणि भिगवणकडं उजनीच्या पाण्यात तर जाळी पण आणि जलपर्णी पण, तिथनं आलात तर पंखा काढून बघाच.

स्प्लाइनवर मरिन ग्रीस भरपूर लावा, नाहीतर पुढच्या वेळी पंखा निघणार नाही. नट बुकातल्या टॉर्कला आवळा, पिनचं भोक जुळत नसेल तर अजून थोडा आवळून जुळवा, सैल करून नाही. नवी कॉटर पिन, जुनी परत नको. पहिल्या चकरेनंतर एकदा नट तपासा.

पंख्याला जाळी बसवू का? बोटीत लहान मुलं असतात.

काळजी अगदी बरोबर आहे. जाळीनं हळू चालणाऱ्या बोटीत फायदा होतो, पण प्लेनवर पळणाऱ्या बोटीत ती पाणी अडवते, स्टिअरिंग बदलतं. त्यापेक्षा बोटीवर एकच नियम पाळा: कोणी पाण्यात असेल तर मशीन बंद, नुसतं न्यूट्रल नाही, बंद आणि किल्ली काढून खिशात. न्यूट्रलमध्ये पण पंखा थोडा फिरू शकतो आणि गियर चुकून पडू शकतो. शिडी मशीनपासून लांबच्या बाजूला. चालवणाऱ्याच्या मनगटाला किल स्विचची दोरी रोज, पाच मिनिटांच्या चकरेला पण.

नवीन पंख्यानं पेट्रोल वाचेल?

जड पंखा होता आणि बरोबर बसवला तर वाचतं, कारण भरलेली बोट नाक वर करून नांगरत बसत नाही, पटकन प्लेनवर येते आणि थ्रॉटल कमी करता येतो. हलका होता आणि पिच वाढवला तर क्रूझिंगला थोडं वाचतं. नुसता महाग पंखा लावून काही वाचत नाही.

स्वतःची बोट खडकवासल्यात टाकता येईल का, तिथं टेस्ट करायला जवळ पडतं.

खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही धरणं जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहेत आणि ही साखळी म्हणजे शहराचं पिण्याचं पाणी. लेखी परवानगीशिवाय मशीनची बोट उतरवू नका, आणि परवानगी असलेल्या ठिकाणी पण पेट्रोल, ऑइलचा थेंब पाण्यात जाणार नाही असंच भरा, गियर ऑइल तर काठावर पण सांडायचं नाही.

जुना पंखा विकून टाकू का?

सरळ असेल तर अजिबात नको, बोटीत ठेवा. त्याच्याबरोबर एका डब्यात एक नट, थ्रस्ट वॉशर, दोन कॉटर पिन, पक्कड, नटाच्या मापाचा पाना, ग्रीसची छोटी ट्यूब आणि तो लाकडाचा ठोकळा, पाना दोरीनं डब्याला बांधून, कारण पाण्यात उभं राहून काम करताना पहिला तोच हातातून सुटतो. वरसगावच्या आतल्या टोकाला पंखा गेला तर मोबाइलला रेंज नसते, संध्याकाळी वारा समोरून येतो आणि वल्ह्यांनी १७ फुटी बोट काठाला लावायला मला एकदा साडेतीन तास लागले होते, सोबत आई होती. तेव्हापासून डबा बोटीतच असतो.